पाठीवर देणारे

कोहळं, म्हणजे आपला लाल भोपळाच, काही मोठं नव्हतं. काखोटीला मारून घरी न्यावं, रुखमाने अर्धं आज करावं नि अर्धं परवा, एवढंच. रविवारच्या बाजारात शकुबाईच्या बारदान्यावर ते पिवळंधमक पडलेलं हरिदासने लांबूनच हेरलं होतं, घासाघीस करून भाव जमवला होता, आणि आता नुसतं वाकून उचलायचं राहिलं होतं. तो वाकला. अर्ध्या वाकात त्याचा उजवा हात आपणहून पोटाशी गेला, बेंबीखाली चाचपडला आणि काहीतरी ओढून घट्ट करायला लागला. तिथं काहीच नव्हतं. सदऱ्याचं एक बटण होतं आणि त्यामागे त्याचं स्वतःचं पोट. कामावर कंबरेला बांधायचा पट्टा घरी खुंटीवर होता. हरिदास तसाच थांबला, ना वर ना खाली, आणि भर बाजारात, चंद्रपूरच्या त्या उन्हात त्याच्या लक्षात आलं की पट्टा नाही म्हणून आपण कोहळं उचलायला कचरलो.

"काऊन भाऊ, लय जड हाय का?" शकुबाई म्हणाली. "हमाल बलावू काय?"

तो काय काम करतो हे शकुबाईला चांगलंच ठाऊक होतं, म्हणूनच तर ती बोलली. शेजारची मिरचीवाली खो-खो हसली. हरिदासही हसला, कारण न हसणं त्याहून वाईट दिसलं असतं. "हमाल महाग झाले बाई आता," असं म्हणत त्याने कोहळं उचललं, हवेत जरासं उडवून झेललंही, आणि छाती काढून चालायला लागला. पण जटपुरा गेट येईपर्यंत त्याचं लक्ष रस्त्यावर नव्हतं. ते कंबरेत होतं. कंबर दुखत नव्हती, चमक नव्हती, काहीही नव्हतं. फक्त ती आज पहिल्यांदाच त्याला जाणवत होती, घरात पाहुणा येऊन बसावा तशी, आणि पाहुण्याशी काय बोलावं ते त्याला सुचत नव्हतं.

आता हरिदास म्हणजे कुणी ऐरागैरा नव्हे. मूल रोडवर तांदळाचं एक खाजगी गोदाम आहे, तिथल्या हमालांच्या टोळीचा तो मुकादम, आणि मुकादम झाल्यावरही स्वतः पाठीवर पोतं वाहणारा. स्वतःवर त्याचा भारी विश्वास. निवडणुकीचा निकाल काय लागणार, कुणाच्या पोरीचं कुठं जुळणार, यंदा धान कसं होणार, सगळ्यातलं आपल्याला कळतं असं त्याचं प्रामाणिक मत होतं, आणि पाठीच्या बाबतीत तर वादच नको. आरमोरीकडच्या गावात बाप धानाचे भारे शेताच्या बांधीतून वाहायचा तेव्हा पोरगा मागे मागे चालायचा, आणि पुढे ती रुंद, काळी, घामाने चकाकणारी पाठ हलत राहायची. पाठ बापाची घेतली, असं माय सगळ्यांना सांगायची. चंद्रपूरला आल्यावर ट्रकवाले त्याला पहलवान म्हणायला लागले, आणि त्याने त्यांना कधी थांबवलं नाही. गंमत अशी की माणसाला स्वतःची पाठ कधी दिसत नाही. तिच्याबद्दल लोक जे बोलतात ते ऐकायचं, आणि तिच्यावर जे ठेवलं जातं त्यावरून ती आहे असं समजायचं. हरिदासच्या पाठीवर सगळ्यात जास्त वेळा पोतं ठेवलं ते टोळीतल्या म्हाताऱ्या नथ्थूभाऊने. नथ्थूभाऊच्या तळहाताला ती पाठ जितकी माहीत, तितकी ती रुखमालाही नसेल, असं टोळीतले चावट लोक म्हणत.

कारण टोळीचा रिवाजच तसा होता. जमिनीवरून पोतं एकट्याने उचलायचं नाही. दोन देणारे, एक नेणारा. नेणारा पोत्यांच्या थप्पीकडे पाठ करून गुडघ्यात जरा वाकून उभा राहतो, देणारे दोन्हीकडून पोत्याचे कान धरून ते वर घेतात आणि त्याच्या पाठीवर ठेवतात. टाकत नाहीत, ठेवतात. मग नेणारा फळीवरून ट्रकात जातो. ज्याची पाठ थकली तो नेणाऱ्याचा देणारा होतो, आणि संध्याकाळच्या मजुरीच्या वाट्यात नेणारा-देणारा असा फरक कुणी करत नाही. हा रिवाज कुणी घातला ते कुणालाच माहीत नव्हतं. नथ्थूभाऊ एके काळी नेणारा होता, आता कित्येक वर्षं देणारा आहे. दात पडले, केस गेले, पण पंजे अजून फावड्यासारखे. सकाळी फाटकाशी तो जयभीम म्हणायचा, हरिदास रामराम म्हणायचा, दोन्ही शब्द हवेत एकमेकांवर आपटायचे आणि मग दिवस सुरू व्हायचा.

तर या टोळीला पट्टा आणून दिला तो हरिदासने. हा त्याचा पराक्रम, आणि तो त्याने बल्लारपूरपासून आरमोरीपर्यंत सगळ्या नातेवाइकांना ऐकवून झाला होता. मागच्या दिवाळीनंतर टोळीतल्या सोमाजीची कंबर धरली. साधीसुधी नव्हे. पोतं छातीपर्यंत आलं आणि सोमाजी ओरडला, असा की कबुतरं पत्र्यावरून उडाली. त्याला चौघांनी फळीवर घालून दवाखान्यात नेलं. तिथं एक तरुण डॉक्टरीणबाई होती. हरिदासने तिला विचारलं होतं, "मॅडम, यानं पट्टा बांधला असता त वाचला असता ना? ते मोबाइलमधी दिसते तसा, काळा, रुंद?" ती म्हणाली होती, "बरेच लोक वापरतात. पण धडधाकट माणसाची कंबर त्याने वाचते असं काही दिसून आलेलं नाही. उलट माणसाला वाटतं, आता काही होत नाही, आणि तो जास्त उचलतो. पोत्याचं वजन कमी करता आलं तर बघा. आणि जमिनीवरून एकट्याने उचलू नका." ती हे सगळं नीट, सावकाश बोलली होती. हरिदासने त्यातलं 'बरेच लोक वापरतात' एवढं घेतलं आणि तडक शेठच्या केबिनमध्ये गेला. पट्टे पाहिजे. सगळ्यांना पाहिजे. नाहीतर सोमाजीनंतर उद्या आणखी कोण? त्याने टेबलावर हातसुद्धा आपटला होता. शेठ कुरकुरला, पण नागपूरहून पट्टे आले. सोमाजी आता बल्लारपूरला भावाच्या पानठेल्यावर बसून खर्रा घोटतो आणि भेटेल त्याला सांगतो की मी पडलो म्हणून सगळ्यांना पट्टे मिळाले.

पट्टा बांधला तो पहिला दिवस हरिदासला आताही, कोहळं या काखेतून त्या काखेत घेताना, जसाच्या तसा आठवला. चर्र करून ते चिकटपट्टीचं तोंड उघडणं, दोन्ही बाजूंनी ओढणं, श्वास आत घेणं, आणि मग पोटापासून पाठीपर्यंत कुणीतरी आपल्याला दोन्ही हातांनी धरून उभं केलंय असं वाटणं. एवढं चांगलं त्याला बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं. पाठ सरळ झाली. उंची वाढली. नथ्थूभाऊने पट्टा हातात घेऊन उलटासुलटा पाहिला आणि थप्पीवर ठेवून दिला. "आपले बाप-आजे कंबरेले दुपट्टा बांधतच होते ना भाऊ?" हरिदास त्याला म्हणाला होता. "मंग हा दुपट्टाच समज."

"तो दुपट्टा घाम पुसाले असे गा," नथ्थूभाऊ म्हणाला. "अन् त्याच्या घडीत तंबाखूची पुडी ठेवाले."

सगळे हसले. हरिदासला ते खपलं नाही. आता दाखवूनच देऊ, असं त्याच्या मनाने घेतलं, आणि भरलेलं पोतं जमिनीवर आडवं होतं त्याच्याशी जाऊन, देणाऱ्यांना बाजूला सारून, त्याने ते एकट्याने उचललं. मांडीवर घेतलं, छातीवर घेतलं, वळून पाठीवर टाकलं. टोळीने आरोळी ठोकली. शेठचा पुतण्या विनोद तेव्हा तिथंच होता, त्याने मोबाइल काढला होता. पुढच्या काही दिवसांत प्रत्येकाने एकेकदा एकट्याने उचलून पाहिलं. मग घाई असली की उचलायला लागले. मग घाई नसतानाही. देणारे हात मोकळे सोडून उभे राहायचे, आणि हात मोकळे असलेला माणूस मालकाच्या डोळ्यात लवकर भरतो. गेल्या गुरुवारी विनोद म्हणाला, "हरिदासभाऊ, आता पट्टे हाय तर देणाऱ्यांचं काय काम? आपला आपला उचला ना. गाडी लवकर भरते, तुमचा वाटाबी वाढते. नथ्थूभाऊ अन् बाकीच्या बुढ्याइले देऊ आराम. सोमवारी सांगा." आणि हरिदास, ज्याला सगळ्यातलं कळतं तो हरिदास, म्हणाला होता, पाहू. तोंडाने पाहू, पण मान मात्र होकाराची हलली होती, आणि ती विनोदने पाहिली होती. उद्या सोमवार.

घरी रुखमाने कोहळं हातात घेऊन, वाजवून पाहिलं. "चांगलं हाय," ती म्हणाली, आणि मग त्याच्या तोंडाकडे पाहून, "काऊन, काय झालं जी?" काही नाही, असं म्हणून तो खाटेवर आडवा झाला. थोड्या वेळाने त्याला राहवलं नाही. "रुखमा, मी घरी पट्टा घालतो का वं कधी?"

"घालता ना. नळाची बादली उचलाची रायली का घालता. परवा गादी उन्हात टाकताना घातला. मले वाटलं दुखते म्हणून घालता, मंग कायले विचारू." ती विळीवर कोहळं चिरत होती. तिच्या बोलण्यात काळजी नव्हती, टोमणाही नव्हता. तिने फक्त पाहिलेलं सांगितलं, आणि म्हणूनच हरिदासला ते झोंबलं.

तो पालथा झाला, उताणा झाला. छताच्या पत्र्याला कोळशाच्या धुळीचा काळा थर होता, त्याच्याकडे बघत त्याने पोट आत ओढलं, सोडलं. आत काहीतरी होतं, जे पूर्वी न सांगता घट्ट व्हायचं. पोतं पाठीला लागायच्या आधीच ते जागं व्हायचं, बापाचंही होत असेल. आता ते सांगण्याची वाट बघत बसल्यासारखं वाटत होतं. का हे सगळं मनाचे खेळ? एका कोहळ्यावरून माणसाने एवढं ताणावं का? आपण मुकादम आहोत, कुणी म्हातारी नाही. त्याने स्वतःला दमात घेतलं आणि बरं वाटावं म्हणून मोबाइल काढला. विनोदने पाठवलेला तो व्हिडिओ त्याने आजवर किती जणांना दाखवला होता त्याला हिशेब नव्हता. लावला. पडद्यावरचा हरिदास वाकला, कान धरले, पोतं मांडीवर आलं, छातीवर आलं. हरिदासने नेहमीसारखं स्वतःकडे पाहिलं, दंडांकडे, मानेच्या शिरांकडे. मग काय झालं कुणास ठाऊक, आज त्याची नजर पडद्याच्या कडेला गेली. तिथं दोन हात होते. माणूस दिसत नव्हता, नुसते हात, कोपरापासून पुढे. तळवे वर. हरिदास पोतं वर घेत होता तसे ते हातही वर जात होते, पोत्याच्या खाली, वीतभर अंतर ठेवून. पोतं वळलं तसे हात वळले. पाठीवर पडताना ते एका बाजूला कललं, आणि त्या हातांनी त्याला हलकंच, दिसेल न दिसेल इतकंच, ढकलून सरळ केलं. मग हात खाली गेले. फावड्यासारखे पंजे.

त्याने परत लावला. परत. इतक्या वेळा पाहिलेल्या गोष्टीत ते हात आजवर दिसले नव्हते, कारण तो स्वतःलाच बघत होता. हरिदासला एकदम हसू आलं आणि लगेच मेल्याहून मेल्यासारखं झालं. एकट्याने उचललं म्हणून ज्याने गावभर छाती मिरवली, त्याच्या पोत्याखाली दुसऱ्याचे हात होते, आणि त्या हातांच्या मालकाने इतक्या महिन्यांत चकार शब्द काढला नव्हता. उद्या त्यांनाच आराम द्यायचा होता.

आणि मग सोमाजी आठवला. म्हणजे ओरडणारा सोमाजी नेहमीच आठवायचा, पण आज त्याच्या आधीचा सोमाजी आठवला. त्या सकाळी दोन गाड्या एकदम लागल्या होत्या. विनोदने देणाऱ्यांना पलीकडच्या गाडीवर पाठवलं होतं. सोमाजी थप्पीकडे पाठ करून, गुडघ्यात वाकून, रिवाजाप्रमाणे वाट बघत उभा होता. कुणी येईना. त्याने मागे वळून पाहिलं, परत पाहिलं, ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला, आणि मग तो वळला आणि एकटाच पोत्याला भिडला. त्याच्या कंबरेला पट्टा नव्हता हे खरं. पण त्याच्या पोत्याखाली हात नव्हते, हेही खरं होतं, आणि ते हरिदासने आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मग शेठच्या टेबलावर हात आपटून आपण मागितलं काय? मागायचं ते राहून गेलं आणि भलतंच पदरात पाडून घेतलं. ती डॉक्टरीणबाई तेच सांगत होती, नीट, सावकाश. हरिदास उठून बसला. आता त्याला बरं वाटत होतं. काय करायचं ते कळलं की त्याला नेहमीच बरं वाटायचं, ते चुकीचं असलं तरी. पण हे चुकीचं नाही, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. रुखमाने ताट वाढलं, आणि कोहळ्याची भाजी त्याने दोनदा मागून घेतली.

सोमवारी फाटकाशी जयभीम आणि रामराम नेहमीसारखे आपटले. नथ्थूभाऊला विनोदचं म्हणणं ठाऊक होतं, गोदामात काहीच लपत नाही, पण त्याने विचारलं नाही आणि हरिदासने सांगितलं नाही. गाडी लागलेली होती. पट्टे बांधल्याचं चर्र-चर्र झालं. हरिदासनेही आपला बांधला, मुद्दाम, कुणी असं म्हणायला नको की पट्टा नव्हता म्हणून. विनोद खुर्ची ओढून सावलीत बसला.

"मंग ठरलं ना भाऊ?"

"ठरलं," हरिदास म्हणाला. "पट्टे राहू द्या, ज्याले बांधाचे तो बांधन. पण देणारे जागचे हलनार नाई. अन् दोन गाड्या एकदम लावाच्या नाई. एक भरली का दुसरी."

विनोदला वाटलं हा मस्करी करतोय. मग तो खुर्चीतून पुढे झाला. "अन् पट्टे मंग कायले मागतले? टेबल वाजवून मागतले ना काकाइले? तुमीच तर एकट्यानं उचलून दाखवलं, माझ्यापाशी हाय ना व्हिडिओ." तो उठला, थप्पीतलं एक पोतं त्याने पायाने जमिनीवर लोटलं. धप्प आवाज झाला, तांदळाची धूळ उडाली. "उचला. सगळ्याइच्या समोर उचला अन् मंग सांगा देणारे पाहिजे म्हणून."

सगळे थांबले. फळीवरचा माणूस फळीवर थांबला. ट्रकवाला खिडकीतून अर्धा बाहेर आला. हरिदास पोत्यापाशी गेला, वाकला, पोत्याचे दोन कान मुठीत धरले. पट्ट्याने त्याला कवळलं. बोटांना सुतळीची शिवण लागली, आतल्या तांदळाचा गारवा लागला, आणि ओढ घेऊन पाहिली तेव्हा पोत्याने जमिनीवरून किंचित बूड उचललं. उचलेल, त्याला वाटलं. आत्ता उचलेल, एका झटक्यात, आणि टोळी आरोळी ठोकेल, आणि पहलवान पहलवानच राहील. बापाची पाठ डोळ्यांपुढे आली, भारा घेऊन चाललेली, आणि आज पहिल्यांदाच त्याला असं वाटलं की त्या भाऱ्यालाही कुणीतरी हात लावला असेल, मायने, शेजाऱ्याने, कुणीतरी, आणि मागे मागे चालणाऱ्या पोराला ते दिसलं नसेल. एकदा उचलता येतं. कुणालाही एकदा उचलता येतं. सोमाजीलाही येत होतं. त्याने मुठी सोडल्या आणि सरळ उभा राहिला.

"मले एकट्यानं नाई जमत," तो म्हणाला.

आवाज त्याने मुद्दाम मोठा काढला होता, शेवटच्या थप्पीपर्यंत जावा असा. आयुष्यात त्याने हे वाक्य कधी उच्चारलं नव्हतं. ते तोंडातून बाहेर पडताना कसं लागेल याची त्याला धास्ती होती, पण ते नुसतंच बाहेर पडलं आणि काहीही कोसळलं नाही.

"क्या पहलवान," ट्रकवाला खिडकीतून ओरडला, "बुढ्ढा हो गया क्या?"

"हां, हो गया," हरिदास म्हणाला.

विनोद हसणार होता, पण फळीवरच्या माणसाने आपल्या पट्ट्याचं तोंड चर्रकन उघडलं आणि म्हणाला, "मलेबी नाई जमत." मग थप्पीशी असलेला म्हणाला. मग त्याच्या पलीकडचा. एरवी एकट्याने पोतं घेऊन हुंदडणारी ती तगडी माणसं, कुणी हसत, कुणी विनोदच्या डोळ्यात डोळे घालून, एकामागून एक सांगायला लागली की आपल्याला जमत नाही. विनोदने एकेकाकडे पाहिलं, मोबाइल काढला, केबिनमध्ये गेला, काकाशी बराच वेळ बोलला आणि दारात येऊन म्हणाला, "भरा आज देणारे घेऊन, जसे भरत होते तसे. काका संध्याकाळी येऊन बोलतो म्हनते." संध्याकाळी शेठ आरडाओरडा करणार, हे हरिदासला दिसत होतं. आणि आपण पुन्हा टेबलावर हात आपटणार, पण या वेळी काय मागायचं ते चुकणार नाही, हेही दिसत होतं.

जमिनीवरचं पोतं तसंच पडलं होतं. नथ्थूभाऊ आला आणि त्याने एका बाजूचे कान धरले. हरिदास आज पहिल्यांदा देणाऱ्याच्या जागी, दुसऱ्या बाजूला गेला. फळीवरचा माणूस खाली उतरून त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिला. वाकलेल्या नथ्थूभाऊचं तोंड हरिदासच्या अगदी जवळ होतं, तंबाखूचा वास येत होता.

"खोटं बोल्ला ना गा तू?" नथ्थूभाऊने हळूच विचारलं.

"तेच त मले समजून नाई राह्यलं भाऊ," हरिदास म्हणाला, आणि हे सांगताना त्याला जराही लाज वाटली नाही. "उचल."